आवाजाचा टीडीएस

मी बँकेत कारकून आहे आणि घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. यातलं पहिलं विधान ऐकून लोक 'असं का' म्हणतात आणि दुसरं ऐकून 'असं कसं' म्हणतात. बँकेतल्या माणसानं फार तर पेटी वाजवावी, तीही गणपतीत आरतीपुरती, असा आमच्याकडे संकेत आहे. त्यातून मी बी.कॉम.! बी.कॉम. झालेला माणूस टाळीसुद्धा दोन्ही बाजू जुळल्याशिवाय वाजवत नाही, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. पंधरा वर्षांच्या संसारात हे मत खोटं ठरेल असं काही माझ्या हातून घडलेलं नाही. अपवाद एकच.

मार्च २०२४मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या. पगारवाढ लागू नोव्हेंबर २०२२पासून, म्हणजे मधल्या महिन्यांची थकबाकी एकदम हातात. त्या रकमेवर सौ.च्या मनात एक सोफा येऊन बसलेला होता. माझ्या मनात पन्नास वॅटचा व्हॉल्व्हचा गिटार-अ‍ॅम्प्लिफायर होता. नागपूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्यानं, हल्ली सगळे मोबाइलवरच्या ट्रॅकवर गातात म्हणून, आपलं बस्तान गुंडाळायला काढलं होतं. मी जाऊन त्याचा अ‍ॅम्प आणि स्पीकरची पेटी घेऊन आलो आणि राजापेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यासाठी राखून ठेवलेल्या जागेवर मांडली. 'यावर बसता येत नाही, एवढाच काय तो फरक,' असं मी म्हणालो. त्यावर सौ. जे म्हणाली ते छापायला प्रकाशक तयार नाहीत.

तर वाचकहो, हा लेख भांडणाचा आहे. ज्यांना रविवारी दुपारी भांडण सोसत नाही त्यांनी पुढचं पान उलटावं. माझं भांडण तीन पक्षांशी आहे. पहिला पक्ष, 'लहान अ‍ॅम्प घ्या की' म्हणणाऱ्या हितचिंतकांचा. दुसरा, 'गिटार वाजवायची तर फुल्ल आवाजातच' म्हणणाऱ्या सोवळ्या जाणकारांचा. आणि तिसरा, ज्यांच्याशी भांडताना आपलं भांडण आपल्यालाच ऐकू येत नाही, अशा मिरवणुकीतल्या डीजेवाल्यांचा. तिघांचं म्हणणं तीन तऱ्हेचं असलं तरी चूक एकच आहे. मोठा आवाज आणि भरलेला आवाज या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत, हे त्यांच्यातल्या कुणालाच मान्य नाही.

हे मला तरी कुठे मान्य होतं? ते मला खालच्या मजल्यावरच्या आजींनी मान्य करायला लावलं. पण ते सांगण्याआधी व्हॉल्व्हची कुंडली सांगितली पाहिजे.

ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना व्हॉल्व्ह ठाऊक आहे. बटण फिरवलं की तो लगेच बोलायचा नाही. आधी आत केशरी उजेड पडायचा, मग पाहुण्यांत बोलण्यापूर्वी आजोबा घसा खाकरत तशी थोडी खरखर, आणि मग बातम्या. त्या काळच्या कितीतरी रेडिओंत ईएल ८४ नावाचा व्हॉल्व्ह असे. विलायतेतल्या व्हॉक्स कंपनीच्या एसी थर्टी या नामांकित गिटार-अ‍ॅम्पमध्येही हेच ईएल ८४ असतात, चार-चार. म्हणजे ज्या घराण्यानं आपल्याला आकाशवाणीवरचे बाजारभाव ऐकवले, त्याच घराण्याची एक पाती तिकडे रॉक संगीतात शिरली.

या व्हॉल्व्हचा स्वभाव असा, की गिटारचा सूर बेतानं दिला तर तो निमूटपणे मोठा करून परत करतो. अगदी आमच्या कॅशियरसारखा. जेवढं घेतलं तेवढं मोजून दिलं. पण त्याच्या कुवतीबाहेर सूर ओतला की त्याच्यातला कलावंत जागा होतो. तो लाटेचे वरचे शेंडे दाबून गोल करतो, आणि त्यातून मूळ सुराच्या डोक्यावर आणखी बारीक बारीक सूर उमटतात. रात्रभर भजन म्हटलेल्या बुवांच्या आवाजाला पहाटे जो जडपणा आणि घोगरेपणा येतो, तसा तो सूर येतो. त्यासाठीच माणसं हा अ‍ॅम्प घेतात. पण त्यासाठी व्हॉल्व्ह तापला पाहिजे, भरपूर राबला पाहिजे. फोडणी कोमट तेलात बसत नाही, मोहरी तडतडेपर्यंत थांबावं लागतं. आणि पन्नास वॅटच्या अ‍ॅम्पमधली मोहरी तडतडते तेव्हा स्पीकरपासून हातभर अंतरावर साधारण ११५ डेसिबल आवाज झालेला असतो.

११५ म्हणजे किती? माणसाच्या कानाचं खातं कसं रिकामं होतं याचा हिशेब अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं मांडून ठेवला आहे. ८५ डेसिबल आवाजात दिवसाचे आठ तास काम केलेलं चालतं. तिथून पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला पाव तास. या चालीनं ११५ला अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी. मी दर रविवारी दोन तास वाजवत होतो. म्हणजे ओव्हरड्राफ्ट किती झाला ते तुम्हीच काढा. बँकेतला माणूस स्वतःचा हिशेब कधीच काढत नाही.

आता आजी. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये आजी आणि आजोबा राहतात. मुलगा परगावी. आजोबा दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. गेल्या गणपतीत विसर्जनाची मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली. पुढे गणपती, मागे ट्रक, ट्रकवर कपाटांएवढे स्पीकर. आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरल्या, भिंतीवरचं कॅलेंडर भाद्रपदातून सरळ आश्विनात गेलं. मी काहीतरी विचारायला म्हणून खाली गेलो. दार उघडंच होतं. आजी पलंगाच्या कडेला बसून आजोबांच्या दोन्ही कानांवर आपले तळहात दाबून धरून होत्या. आजोबांना बोलता येत नाही. ते नुसते छताकडे पाहत होते. आजींचे स्वतःचे कान उघडेच होते. माणसाला हात दोनच असतात.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणं हे माझं खरं वाद्य आहे. 'विनंती करण्यात येते की' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत एकही सूर चुकला नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. सगळं कलमवार. सह्या घ्यायला वरच्या मजल्यापासून सुरुवात केली, पंधरा सह्या झाल्या, आणि सोळाव्या सहीसाठी आजींच्या दारात उभा राहिलो.

आजींनी चष्मा लावून अर्ज पुरता वाचला. मग म्हणाल्या, "याच्यात तुह्यं नाव कुठी हाये?"

मी म्हटलं, "ही काय आजी, पहिलीच सही माझी."

"सही नाही म्हनत मी बाबू. ज्याहिची तक्रार हाये त्याच्यात कुठी हाये? तुह्यं थे यंत्र इतवारी वाजते, तवा माह्या कपाटातल्या कपबशा नाचतेत. यायले तरास तोच होते."

'यायले' म्हणजे आजोबांना. आजींनी अर्ज परत दिला. रागानं नव्हे. नीट घडी घालून. मी बावीस वर्षं काउंटरच्या आत बसून लोकांचे अर्ज घडी घालून परत करतो आहे; घडी घालून परत आलेला अर्ज कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं.

आता मार्ग दोन. अ‍ॅम्प विकून सोफा आणायचा, म्हणजे घरात दोन माणसं सुखी; किंवा आवाजाची कळ शून्यावर आणून गिटार वाजवायची. दुसरा मार्ग मी आठ दिवस करून पाहिला. पण अ‍ॅम्पवरची ती कळ व्हॉल्व्हच्या आधी असते. ती उतरवली की मोठ्या व्हॉल्व्हला काम मिळत नाही. आवाज कमी होतो आणि सूरही जातो. उरते ती पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून केलेली गिटार. मग कुठेतरी वाचून मला समजलं, की व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मध्ये लावायची एक डबी मिळते. तिला ॲटेन्युएटर म्हणतात. तीच या लेखाची नायिका.

ही डबी कशी चालते ते नोकरदाराला दोन वाक्यांत समजेल. कळ उतरवणं म्हणजे पगारच कमी करणं. ॲटेन्युएटर लावणं म्हणजे टीडीएस. व्हॉल्व्ह महिनाभर घाम गाळून पन्नासच्या पन्नास वॅट कमावतो. पण ते स्पीकरच्या हातात पडण्यापूर्वी डबी उगमापाशीच कपात करते आणि उरलेलं पुढे पाठवते. काम पूर्ण, कमाई पूर्ण, घरी येतं तेवढं थोडं. टीडीएसशी फरक एवढाच, की इथे रिटर्न भरून परतावा मिळत नाही. कापलेले वॅट डबीत उष्णता होऊन जातात.

ही युक्ती लोकांच्या हाती दिली तीही एका नोकरदार माणसानं, याचा मला जरा जास्तच आनंद झाला. अमेरिकेत टॉम शॉल्झ नावाचे एक इंजिनिअर पोलरॉइड कंपनीत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात घराच्या तळघरात गिटार वाजवून ध्वनिमुद्रण करत. त्या तळघरातून १९७६मध्ये 'बॉस्टन' या त्यांच्या बँडची पहिली तबकडी निघाली आणि ती लाखांनी खपली. पुढे १९८०मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 'पॉवर सोक' नावाची अशीच डबी बाजारात आणली. ज्यानं तळघरात बसून गिटार वाजवली, त्याला वरच्या मजल्याची आठवण राहणारच. मी वरच्या मजल्यावर बसून वाजवत होतो, मला खालचा मजला दिसला नाही.

डबी आणली आणि ती जोडून घ्यायला आमच्या राजापेठेतल्या एका रेडिओ मेकॅनिकांकडे गेलो. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओला अजून हात लावणारे आता तेवढेच उरले आहेत. त्यांनी डबी हातात घेऊन तिचं वजन केलं.

"याच्यानं काय होते भाऊ?"

"आवाज कमी होतो."

"आवाज कमीच करा लागते, तं येवढा मोठा अ‍ॅम्प आनला कायले?"

मी त्यांना फोडणी, टीडीएस, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग उरलेली वॅट जाते कुठी?"

"उष्णतेत."

"म्हंजे अमरावतीत राहून तुमी शेगडी इकत घेतली म्हना नं!"

हसून झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी मात्र गंभीरपणे बजावल्या आणि त्या मी वाचकांसाठी तशाच ठेवतो. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकरची किंवा डबीची वायर न जोडता कधीही चालवायचा नाही; आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि अ‍ॅम्प जेवढ्या ओहमचा, डबी तेवढ्याच ओहमची हवी, आणि वॅट झेपणारी हवी. अंदाजपंचे चालत नाही. बँकेत खातेक्रमांक एका आकड्यानं चुकला तर पैसे दुसऱ्याला जातात. इथे ते धुरात जातात.

आता पहिल्या पक्षाचा समाचार. 'एवढा खटाटोप करण्यापेक्षा लहान अ‍ॅम्प घ्या की!' हे वाक्य मला सोसायटीच्या सेक्रेटरींपासून माझ्या मेव्हण्यापर्यंत सर्वांनी ऐकवलं आहे. या लोकांची समजूत अशी, की पन्नास वॅटच्या जागी पाच वॅट घेतले की आवाज एक-दशांश होतो. सरळव्याज शिकलेल्या माणसाला असंच वाटणार. पण डेसिबल हे चक्रवाढीचं प्रकरण आहे. शक्ती निम्मी केली तर आवाज फक्त तीन डेसिबलनं उतरतो. एक-दशांश केली तर दहानं, आणि कानाला तो जेमतेम निम्मा वाटतो. गिटारच्या स्पीकरला फक्त एक वॅट द्या, एक! तरी मीटरभर अंतरावर साधारण ९८ डेसिबल होतात. म्हणजे लहान अ‍ॅम्प घेऊन आजींच्या कपबशा नाचायच्या थांबत नाहीत, फक्त लावणीऐवजी फुगडी घालतात. माझी डबी तीस डेसिबल कापते. तीस डेसिबल म्हणजे शक्तीचा हजारावा हिस्सा. पन्नास वॅटमधून स्पीकरला मिळतात वॅटचे पाच-शतांश. ११५चे ८५ होतात, आणि उरलेलं काम मधला स्लॅब करतो. सांगा आता, लहान अ‍ॅम्पवाले कुठे आहेत? मेव्हण्यांना हा हिशेब मी कागदावर करून दिला. त्यांनी कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, "तरी पण लहान घ्यायला हवा होता."

दुसरा पक्ष जाणकारांचा. हे लोक शहाणे असतात, म्हणून अधिक घातक. यांच्यापैकी एक गृहस्थ आमच्या घरी आले, डबी पाहिली, आणि चातुर्मासात कुणाच्या घरी कांदा चिरताना दिसावा तसा चेहरा करून म्हणाले, "टोन मेला."

त्यांचं अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. हिशेबात खर्चाची बाजूही दाखवावी लागते. मोठ्या आवाजात स्पीकरचा कागद स्वतः हलतो, ताणतो, सुरात आपलं काहीतरी घालतो; डबी लावली की तो आळसावतो. दुसरं, आपला कानच पक्षपाती आहे. फ्लेचर आणि मनसन या दोघा संशोधकांनी १९३३मध्येच मोजून दाखवलं, की आवाज हळू झाला की कानाला खर्जाचे आणि फार वरचे सूर आधी कमी ऐकू येतात. मग आपण म्हणतो टोन मेला. टोन जिवंत असतो, आपला कान त्याला ओळख दाखवत नाही. आणि तिसरं, डबी लावली तरी व्हॉल्व्ह पूर्ण राबत असतात, त्यामुळे ते फुल्ल आवाजाइतकेच झिजतात. हे सगळं मान्य.

पण मी त्या गृहस्थांना विचारलं, की हे शंभर-शंभर वॅटचे अ‍ॅम्प मुळात बनले कशासाठी? १९६०च्या दशकात लंडनच्या जिम मार्शल यांनी ते बनवले, द हू सारख्या बँडांसाठी, कारण समोर हजारोंचा आरडाओरडा असे आणि सभागृहातली ध्वनिक्षेपणाची सोय तुटपुंजी. त्यांच्यापुढे दोन-तीन हजार माणसं होती. माझ्यापुढे सौ. आहे, आणि तीही स्वयंपाकघरात. माझी खोली दहा बाय बारा. तिथे रणगाडा आणून 'याचा खरा आवाज मैदानातच खुलतो' म्हणणाऱ्यानं मैदानात जावं. डबी लावल्यावर टोन सोळा आण्यांचा चौदा आणे होत असेल. होऊ दे. पण शेजार सोळा आणे राहतो. आणि एक सांगतो, माझ्या वाजवण्यात तालाचे चार आणे मूळचेच कमी आहेत. त्याबद्दल हे जाणकार कधी बोलले नाहीत.

आता तिसरा पक्ष. इथे मी विनोद जरा बाजूला ठेवतो, मग परत उचलीन.

व्हॉल्व्ह-अ‍ॅम्पवाल्यापाशी आवाज मोठा ठेवायला निदान एक सबब होती. आवाज उतरवला की सूर बदलतो, ही त्याची शास्त्रीय अडचण होती. तरी त्यानं डबी शोधली. डीजेवाल्यापाशी ती सबबही नाही. त्याचा अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरचा. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं. ज्या स्टुडिओत ते झालं तिथे ते माणसांनी माणसांच्या कानाला सोसेल अशा आवाजात ऐकून पास केलं. त्याला डबी लागत नाही, टीडीएस लागत नाही. त्याच्या पुढ्यात एक कळ आहे. ती डावीकडे फिरवली की आवाज उतरतो आणि गाणं तेच राहतं. एवढं सोपं काम कुठल्याच मिरवणुकीत होत नाही. याचा अर्थ तिथे गाणं कुणाला नकोच आहे. तिथे नुसता आवाज हवा आहे.

मंडळाच्या मुलांशी मी बोललोही. मुलं वाईट नाहीत. रक्तदान करतात, कुणाच्या घरी वेळप्रसंग आला तर रात्री-बेरात्री धावतात. ती म्हणाली, "काका, वर्षातून एकदाच तर असते. अन् छातीत धडधडलं नाही तर मजा कशाची?" खरं बोलली. छातीत धडधडलं पाहिजे. पण त्या गल्लीतल्या सगळ्याच छात्यांना ती धडधड हवी आहे का, हे कुणी विचारलं? खालच्या मजल्यावर एक छाती आहे. तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५ रोजी हे स्पष्ट सांगितलं आहे, की बोलण्याचा हक्क आहे, पण ध्वनिक्षेपक लावून आपला आवाज दुसऱ्याच्या कानात घालण्याचा मूलभूत हक्क कुणालाच नाही; न ऐकण्याचाही माणसाला हक्क आहे. लोक म्हणतात, सणासुदीला सवलत असते. असते. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस रात्री दहाऐवजी बारापर्यंत ध्वनिक्षेपकाला मुभा देऊ शकतं. पण ती सवलत घड्याळाला आहे, डेसिबलला नाही. बँकेनं कर्जाची मुदत वाढवून दिली म्हणजे कर्ज माफ झालं असं समजणारे खातेदार मी पाहिले आहेत. मिरवणुकीत ते सगळे एकदम भेटतात.

आणि भक्तीचंच म्हणाल, तर आमच्या अमरावती जिल्ह्याला कुणी भक्तीचा आवाज शिकवू नये. नागपूर रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे. त्यांच्या हातात काय होतं? खंजिरी. हाताच्या पंजात मावेल एवढी. त्या खंजिरीवर त्यांनी उभा विदर्भ हलवला. काचा मात्र एकाही घराच्या हलल्याचं ऐकिवात नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे. हौस करा. पूर्ण करा, व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत करा. पण तुमच्या हौसेची उष्णता तुमच्या घरात ठेवा. माझी डबी मे महिन्यात इतकी तापते, की बाहेर पंचेचाळीस अंश असताना मी आत शेगडीशेजारी बसून गिटार वाजवतो आणि घामानं तारा गंजतात. हा त्रास मी सोसतो, कारण हौस माझी आहे. आजींनी तो का सोसावा?

डबी लागल्यावर दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दारावर टकटक झाली. आजी कठड्याला धरून एक मजला चढून आल्या होत्या. धाप लागली होती.

"बाबू, बरं नाही का तुले? दोन इतवार झाले, वाजलं नाही."

मी त्याच क्षणी, अ‍ॅम्प दहावर ठेवून, दोन तास वाजवून उठलो होतो. बनियन पिळून काढावं अशी माझी अवस्था होती. मी म्हटलं, "वाजवतोच आहे आजी. आत या, दाखवतो."

आजी आत आल्या. बसायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ स्पीकरच्या पेटीवर बसल्या. सौ.नं दारातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत सोफ्याचा अख्खा इतिहास होता. मी एक भजन वाजवलं, जमेल तसं. आजींनी मान डोलावली.

"हे तं आयक्यासारखं हाये," त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "थो कागद हाये का अजून?"

कागद होता. बँकेतल्या माणसाकडे कागद असतोच. आजींनी चष्मा लावला, पेटीवर बसूनच सावकाश सही केली आणि पेन परत देताना म्हणाल्या, "आता त्या पोट्ट्याहिले बी एक डबी आनून दे."

"त्यांना डबी लागत नाही आजी," मी म्हटलं. "त्यांना नुसती कळ फिरवायची असते."

आजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मंग फिरवत काहून नाहीत?"

या प्रश्नासाठी अर्जात रकाना नव्हता. मी तो समासात लिहून घेतला.